नांदण्याचा परवाना

दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये एका व्हिएतनामी तरुणीच्या बाजूने निकाल दिला. लग्न करून ती कोरियात नांदायला आली होती. संसार टिकला नाही, घटस्फोट झाला. संसार मोडायला प्रामुख्याने नवरा जबाबदार आहे, हे घटस्फोटाच्या निकालात नोंदलेले होते. तरीही देशात राहण्याची परवानगी तिने मागितली तेव्हा सरकारी खात्याने ती नाकारली. खात्याचे म्हणणे असे, की दोष प्रामुख्याने नवऱ्याचा असून भागत नाही, तो सगळाच्या सगळा त्याचा असला पाहिजे. बायकोच्या बाजूने थोडी जरी चूक निघाली, तर तिने आपल्या देशात परत जावे. खालच्या दोन न्यायालयांना हा युक्तिवाद पटला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि मुख्य दोष नवऱ्याचा असेल तर बाईला राहू दिले पाहिजे, असे सांगितले.

शंभर टक्के दोष एकाच माणसाचा, असा संसार कुणी पाहिला आहे? एरवी घटस्फोटात दोषाचा हिशेब पोटगीपुरता किंवा मुलांच्या ताब्यापुरता मांडला जातो. इथे त्या हिशेबावर तिच्या पायाखालची जमीन अवलंबून होती. भांडणात तिने कधी उलट उत्तर दिले असेल, रागाच्या भरात एखादी रात्र मैत्रिणीकडे काढली असेल, तर तेवढ्यावरून तिचा त्या देशातला हक्क संपत होता. कोरियात जन्मलेल्या बायकांना माणसासारखे चुकायची मुभा होती. परदेशी सुनेला नव्हती.

पैसे घेऊन परदेशी स्थळे जुळवणाऱ्या दलालांविषयी आणि त्यांच्यामार्फत देशोदेशी जाणाऱ्या वधूंविषयी जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा सगळा रोख दलालावर असतो. त्याच्यावर बंदी घाला, त्याला तुरुंगात टाका, त्याच्या जाहिराती उतरवा. यातले बरेचसे मलाही मान्य आहे. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निरनिराळ्या देशांनी केलेले कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले, की एक गोष्ट सारखी खुपत राहते. दलालाचे काम लग्न लागले की संपते. त्यानंतरची कित्येक वर्षे तिला नवऱ्याच्या मुठीत ठेवण्याचे काम दुसराच कोणी करत असतो, आणि तो दुसरा म्हणजे तिला राहण्याचा परवाना देणारे सरकार.

आधी हा धंदा चालतो कसा ते पाहू. पुरुषाच्या देशात एक कंपनी असते, मुलीच्या देशात तिचा भागीदार, आणि त्याच्या हाताखाली गावोगाव फिरून मुली शोधणारी माणसे. या शोधणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात, आणि कित्येकदा आधी लग्न होऊन गेलेलीच एखादी असते. पुरुष विमानाने येतो. एक-दोन दिवसांत त्याला अनेक मुली दाखवल्या जातात. एकीची निवड होते, वैद्यकीय तपासणी होते, मुलीच्या घरच्यांना बोलावून लग्न लावले जाते, फोटो काढले जातात, आणि आठवड्याच्या आत-बाहेर तो परततो. ती मागे राहून व्हिसाची वाट बघत त्याची भाषा शिकते. कोरियाचे सरकार या व्यवसायाची दर काही वर्षांनी पाहणी करते. पहिल्या भेटीपासून लग्नापर्यंत जाणारे दिवस २०१७ च्या पाहणीत सरासरी ४.४ होते, २०२० मध्ये ५.७ झाले आणि २०२३ मध्ये ९.३. ही सुधारणा मानली जाते. २०१७ च्या त्याच पाहणीत पुरुषांचे सरासरी वय ४३ च्या पुढे होते आणि वधूंचे २५ च्या आसपास. पुरुष कंपनीला सुमारे दीड कोटी वॉन देत होता. मुलीकडून घेतली जाणारी रक्कम त्यापुढे अगदीच किरकोळ.

या शेवटच्या दोन वाक्यांत धंद्याची सगळी नीती आली. पैसे एका बाजूने येतात, म्हणून जबाबदारीही एकाच बाजूची वाटते. नवरा दारू पितो का, त्याला कुठला आजार आहे का, आधीची बायको का सोडून गेली, त्याच्यावर कर्ज किती, हे मुलीला सांगण्यात दलालाचा काडीचा फायदा नसतो. तोटा मात्र असतो. दोघांच्या बोलण्याचे भाषांतर करणारा माणूसही दलालाचाच. दोन माणसे एकमेकांसमोर बसलेली, दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही, आणि मधला माणूस ज्याचे पैसे घेतो त्याला हवे तेच सांगतो. त्या खोलीत मुलीच्या बाजूचे कोणीच नसते. आईवडील हजर असले तरी भाषेपुढे तेही मुकेच.

२००० नंतरच्या दशकात कोरियाच्या खेड्यापाड्यांत रस्त्याकडेला कापडी फलक लागत. 'व्हिएतनामी मुलींशी लग्न करा', आणि त्याखाली 'त्या पळून जात नाहीत'. त्या फलकांवर टीका झाली, निदर्शने झाली, पुढे तसल्या जाहिरातींना कायद्याने आळाही घातला गेला. जाहिरात किळसवाणी होती यात शंका नाही. पण ती वाचताना मला नेहमी वाटत आले आहे, की पळून न जाण्याची हमी दलाल कशाच्या जोरावर देत होता? मुलीच्या स्वभावाच्या जोरावर नक्कीच नाही. नवऱ्याचे घर सोडले की तिचे त्या देशातले कागद निकामी होतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. फलक दलालाने टांगला, पण हमी सरकारच्या नियमांची होती.

सरकारे या व्यवहारात कायम बाहेरून बघणाऱ्या पंचासारखी वागतात, पण इतिहास तसे सांगत नाही. व्हर्जिनियात वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या कंपनीने १६२१ मध्ये जहाजांतून वधू पाठवल्या, आणि लग्न करणाऱ्या पुरुषाने प्रवासखर्चापोटी १५० पौंड वजनाचा उत्तम तंबाखू कंपनीला द्यावा असे ठरवले. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत फ्रान्सच्या राजाने सुमारे ८०० मुली आजच्या कॅनडातल्या आपल्या वसाहतीत धाडल्या, त्यांचा प्रवास आणि हुंड्याची रक्कम खजिन्यातून दिली. त्या मुलींना एक गोष्ट मात्र होती, जी आजच्या कित्येकींना नाही. पुढे आलेल्या पुरुषाला नाकारता येत होते, ठरलेला करारही मोडता येत होता, आणि तो मोडला म्हणून कोणी त्यांना जहाजात घालून परत पाठवत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईच्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या जपानी आणि कोरियन मजुरांनी नुसत्या फोटोवरून बायका आणल्या. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने आशियाई स्थलांतराची दारे लावेपर्यंत अशा हजारो 'फोटोवधू' समुद्र ओलांडून गेल्या. बंदरावर उतरल्यावर हातातल्या फोटोतला तरुण आणि समोर उभा असलेला प्रौढ माणूस यांचा मेळ न बसल्याच्या हकिगती त्या पिढीच्या आठवणींत सर्वत्र आढळतात.

आधुनिक काळात सरकारचा हात आणखी उघड दिसतो. जपानच्या यामागाता प्रांतातल्या आसाहीच्या स्थानिक प्रशासनाने १९८५ मध्ये आपल्या अविवाहित शेतकऱ्यांसाठी फिलिपिन्सहून वधू आणण्यात पुढाकार घेतला, आणि मग इतर गावांनी तो कित्ता गिरवला. कोरियातल्या अनेक स्थानिक संस्थांनी तर 'गावच्या कुमारांची लग्ने' या नावाने परदेशी लग्नाच्या खर्चाला अनुदान दिले. करदात्यांचा पैसा तिथे थेट दलालाच्या शुल्कात गेला. अलीकडे ही अनुदाने एकेक करून बंद होत आहेत, पण ती वर्षानुवर्षे चालली.

कारणे उघड आहेत. मुली शिकल्या, शहरांत गेल्या, शेतीवर आणि सासूसासऱ्यांच्या सेवेत आयुष्य घालवायला त्यांनी नकार दिला. त्यात मुलगाच हवा या हट्टाने गर्भातच मुली मारल्या गेल्या होत्या. कोरियात १९९० मध्ये दर १०० मुलींमागे ११६ हून अधिक मुलगे जन्मले. चीनमध्ये २००४ च्या सुमारास हे प्रमाण १२१ पर्यंत गेले, आणि २०२० च्या जनगणनेत पुरुष स्त्रियांपेक्षा जवळजवळ साडेतीन कोटींनी जास्त निघाले. आपल्या मुली जन्मू दिल्या नाहीत, जन्मल्या त्यांना गावात राहावेसे वाटेल असे गाव ठेवले नाही, आणि मग शेजारच्या गरीब देशाच्या मुली आणून ती पोकळी भरायची. २००३ मध्ये तैवानात दर तीन लग्नांतले जवळजवळ एक परदेशी किंवा चीनच्या मुख्य भूमीवरच्या जोडीदाराशी झाले. कोरियात २००५ साली हे प्रमाण १३ टक्क्यांच्या वर होते, आणि शेती-मासेमारी करणाऱ्या पुरुषांच्या लग्नांत एक-तृतीयांशापेक्षाही जास्त. एवढ्या मोठ्या प्रमाणावरची गोष्ट चार लबाड दलालांनी घडवली असे म्हणणे म्हणजे पुराचा दोष होडीवाल्याला देण्यासारखे आहे.

आता मुलींविषयी. यांच्याबद्दल लिहिताना 'विकत घेतलेल्या' हा शब्द फार सहज वापरला जातो. तो मला मान्य नाही. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या खोऱ्यात कान थो शहराच्या हद्दीत तान लोक नावाचे बेट आहे. तिथून इतक्या मुली तैवानला लग्न होऊन गेल्या, की लोक त्याला 'तैवान बेट' म्हणू लागले. मातीच्या भिंती जाऊन विटांची घरे आली, भावंडांची शिक्षणे झाली, वडिलांची कर्जे फिटली. तिथली मुलगी दलालाकडे नाव नोंदवते तेव्हा तिला हे सगळे ठाऊक असते. मारहाणीच्या बातम्याही ठाऊक असतात. सधन झालेली शेजारीण आणि शवपेटीतून परत आलेली दुसऱ्या गावची मुलगी, दोघींची गोष्ट तिने ऐकलेली असते. भातशेतीत राबणे, शहरातल्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसणे किंवा अनोळखी देशात अनोळखी माणसाशी संसार मांडणे, यांतून ती एक निवडते. ही निवड मोकळी नाही, कारण गरिबीत कुठलीच निवड पूर्ण मोकळी नसते. तरी ती निवड आहे. तिला बाजारातली वस्तू म्हणताना आपण तिच्याविषयी कनवाळूपणाने बोलतो असे वाटते, प्रत्यक्षात तिच्याकडून तिचे शेवटचे जे उरले होते, तिचा निर्णय, तोही काढून घेतो.

लग्नासाठीचे स्थलांतर एक, आणि मानवी व्यापार दुसरे. दोन्हींतली सीमारेषा कधी कधी पुसट होते, म्हणून तर ती ठळक करण्याची गरज आहे. गुलामगिरीसारख्या प्रथांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५६ च्या करारात ही रेषा नेमकी आखलेली आहे. मुलीला नकार द्यायचा अधिकार न ठेवता, आईबापांना किंवा पालकांना मोबदला देऊन तिचे लग्न लावणे म्हणजे गुलामगिरीसारखी प्रथा. पैसा फिरला एवढ्यावरून तो करार दोष देत नाही, नकाराचा अधिकार गेला की देतो. म्यानमारच्या काचिन भागातून नोकरीच्या आमिषाने सीमेपार नेऊन चीनमध्ये विकलेल्या मुली या रेषेच्या पलीकडे येतात. पाकिस्तानात २०१९ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी चीनला वधू म्हणून पाठवलेल्या ६२९ मुली आणि बायकांची यादी तयार केली होती. त्यांत गरीब ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुली पुष्कळ होत्या आणि काही ठिकाणी धर्मगुरूंनीच मध्यस्थी केली होती. त्याच वर्षी फैसलाबादच्या न्यायालयाने ३१ चिनी आरोपींना निर्दोष सोडले, कारण साक्ष द्यायलाच मुली उभ्या राहिल्या नाहीत. अशा गुन्ह्यांसाठी पोलीस, तुरुंग आणि साक्षीदारांना संरक्षण लागते. तान लोकच्या मुलीला वेगळे काही लागते. दोघींना एकाच नावाने हाक मारली, तर एकीचा गुन्हेगार सुटतो आणि दुसरीचे लग्नच गुन्हा ठरते.

बंदीचा उपाय पुष्कळ देशांनी करून पाहिला. फिलिपिन्सने १९९० मध्येच टपालाने वधू पुरवण्याच्या धंद्यावर कायद्याने बंदी घातली, २०१६ मध्ये तो कायदा बदलून इंटरनेटवरचा व्यवहार आणि पुरुषांनाही त्याच्या कक्षेत घेतले. व्हिएतनामने नफ्यासाठी लग्ने जुळवणे बेकायदा ठरवून ते काम महिला संघटनेच्या केंद्रांकडे सोपवले. तैवानने २००८ पासून या व्यवसायातून नफा कमावणे आणि जाहिरात करणे बंद केले, काम फक्त बिगरनफा संस्थांना ठेवले. कंबोडियाने तर टोकच गाठले. २००८ मध्ये सर्वच परदेशी लग्ने काही महिने थांबवली. एका दलाल बाईने एका कोरियन पुरुषापुढे २५ मुली निवडीसाठी उभ्या केल्या होत्या. २०१० मध्ये तिला १० वर्षांची शिक्षा झाली आणि कोरियन पुरुषांशी लग्ने पुन्हा थांबली. २०११ मध्ये नियम आला, की ५० वर्षांवरच्या किंवा महिना २,५०० डॉलरपेक्षा कमी मिळवणाऱ्या परदेशी पुरुषाला कंबोडियन मुलीशी लग्न करता येणार नाही.

हा शेवटचा नियम मला अस्वस्थ करतो. कंबोडियन पुरुषाने कुठल्या वयाच्या परदेशी बाईशी लग्न करावे याबद्दल तो काही म्हणत नाही. म्हणजे सज्ञान बाईने कोणाशी लग्न करू नये हे तिच्या भल्यासाठी सरकार ठरवणार. दलाल ठरवत होता तेव्हा ते शोषण होते, मंत्रालय ठरवते तेव्हा ते संरक्षण. दोन्ही वेळा तिला विचारलेले नाही.

आणि बंदीने धंदा थांबला कुठे? नोंदणीकृत कार्यालय बंद झाले की काम मावशीकडे, शेजारणीकडे, आधी लग्न होऊन गेलेल्या चुलतबहिणीकडे जाते. हल्ली मोबाइलवरच्या गटांत जाते. कोणी फसवले तर दाद मागायला कागद राहत नाही, कारण कागद करणे हाच गुन्हा असतो. तिला सीमेवर अधिकारी विचारतात, तुमची ओळख कशी झाली? तेव्हा दलालाने पढवलेली प्रेमकथा ती सांगते. नव्या देशातले तिचे पहिले वाक्यच सरकारशी खोटे बोलण्याचे होते, आणि पुढे नवऱ्याने मारले तर तक्रार करताना तेच खोटे तिच्या अंगावर येईल ही भीती तिला कायमची बसते.

दुसरा मार्ग माहितीचा. तो मला बंदीपेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत सिअॅटलच्या न्यायालयाच्या इमारतीत १९९५ साली एका फिलिपिनो तरुणीला तिच्या नवऱ्याने गोळ्या घातल्या. ती गरोदर होती, सोबतच्या दोन मैत्रिणीही मारल्या गेल्या. त्याच राज्यात २००० मध्ये किरगिझस्तानहून आलेल्या २० वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिच्या नवऱ्याची आधीची परदेशी बायकोही मारहाणीच्या तक्रारी करून विभक्त झालेली होती. दुसरीला हे कोणी सांगितले नव्हते. या दोन खुनांनंतर झालेल्या चळवळीतून २००६ च्या जानेवारीत कायदा आला. दलालाने पुरुषाची गुन्ह्यांची आणि आधीच्या लग्नांची माहिती मुलीला तिच्या भाषेत द्यायची, आणि तिची लेखी संमती मिळाल्याशिवाय तिचा पत्ता त्याला द्यायचा नाही. कोरियानेही दलालांना नोंदणी सक्तीची करणारा कायदा २००८ पासून लागू केला. पण दोन्ही बाजूंची आरोग्याची आणि गुन्ह्यांची माहिती कागदोपत्री देण्याची सक्ती तिथे २०१० मध्ये आली. त्या जुलैत बुसानमध्ये २० वर्षांच्या व्हिएतनामी वधूला कोरियात पाऊल टाकल्यापासून आठवडाभरात नवऱ्याने मारले होते. तो वर्षानुवर्षे गंभीर मनोविकाराचे उपचार घेत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

हे कायदे हवेतच. प्रत्येक कलमामागे एका मुलीचे प्रेत आहे, आणि ती माणसे मेल्यावरच कलमे सुचली याची खंतही आहे. पण त्यांची मर्यादा स्पष्ट आहे. अमेरिकेच्या कायद्यातून दोन्ही बाजूंना सारखे शुल्क लावणारी सर्वसाधारण ओळखीची संकेतस्थळे वगळलेली आहेत, आणि आज निम्मे जग तिथेच भेटते. शिवाय माहिती लग्नाआधी उपयोगी पडते. गुन्ह्याची नोंद नसलेला माणूस लग्नानंतर हात उगारू लागला, तर कागदावरचे कोरे रकाने तिला काय वाचवणार?

म्हणून मी पुन्हा परवान्याकडे येतो. कोरियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ मध्ये लग्न करून आलेल्या ९२० बायकांना विचारले, तेव्हा ४२ टक्क्यांनी घरात हिंसा सोसल्याचे सांगितले. दोन वर्षांनी एका व्हिएतनामी बाईने लेकरासमोर होणारी आपली मारहाण लपवलेल्या मोबाइलवर टिपली. ती चित्रफीत देशभर पसरली, कोरियाच्या पंतप्रधानांनी व्हिएतनामच्या मंत्र्याकडे खेद व्यक्त केला. तिला पुरावा असा का गोळा करावा लागला, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. कोरियात २०११ च्या अखेरीपर्यंत राहण्याची मुदत वाढवायची तर नवऱ्याचे हमीपत्र लागे. म्हणजे मारणाऱ्यानेच सही करायची, की ही माझ्याकडे राहते आणि मी हिची हमी घेतो. हमीपत्र गेले, पण नवऱ्याच्या सहकार्याची गरज प्रत्यक्षात पुष्कळ उरली, आणि वेगळे झाल्यावर त्याचा दोष सिद्ध करण्याचे ओझेही. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर आलेल्या जोडीदाराला सशर्त परवाना मिळतो आणि ती अट उठवण्याचा अर्ज साधारणपणे दोघांनी मिळून करावा लागतो. तैवानात याहून भयंकर घडले. तिथले नागरिकत्व हवे तर आधी मूळ देशाचे सोडा, असा नियम होता. व्हिएतनामी बायकांनी ते सोडले, आणि तैवानचे मिळायच्या आत कित्येकींचे संसार मोडले. त्या कुठल्याच देशाच्या उरल्या नाहीत. माहेरच्या देशाने नाव कापलेले, सासरच्या देशाने घातलेले नाही. २०१६ च्या दुरुस्तीने क्रम उलटा केला. आता आधी तैवानचे नागरिकत्व मिळते आणि मूळ देशाचे सोडायला नंतर मुदत असते. एवढी साधी गोष्ट. एका कलमातली दोन वाक्ये पुढेमागे करायला किती वर्षे गेली, आणि तोवर किती बायका अधांतरी लोंबकळत राहिल्या!

माझी मागणी सरळ आहे. लग्न करून येणाऱ्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून तिच्या स्वतःच्या नावावर राहण्याचा हक्क मिळावा, काही वर्षांच्या मुदतीचा असला तरी चालेल, पण त्या मुदतीत लग्न टिकते की नाही याच्याशी तो बांधलेला नसावा. मुदतवाढ तिच्या कामावर, शिक्षणावर, मुलांच्या संगोपनावर ठरावी, नवऱ्याच्या मर्जीवर ठरू नये. देशात पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात तिची सरकारी माणसाशी एकटीने भेट व्हावी, भाषांतरकार सरकारचा असावा, आणि मदतीला कुठे जायचे ते तिला तिच्या भाषेत समजावे. दलालाचा करार दोघांशी असावा आणि नुकसानभरपाई दोघांना मागता यावी.

यावर लगेच आक्षेप येतो, की मग खोट्या लग्नांना पूर येईल. मुली येतील, आठवड्यात नवऱ्याला सोडतील आणि शहरात नोकरी धरतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आयुष्यभराची बचत लग्नावर घालवलेला आणि बायको महिनाभरात निघून गेलेला गरीब शेतकरी खरोखर असतो. त्याचे दुःखही खरे आहे, आणि दलालाने त्यालाही फसवलेले असते. पण लग्न खरे की खोटे हे तपासायची जागा व्हिसा देण्याआधीची आहे, आणि ते काम प्रशिक्षित अधिकाऱ्याचे आहे. चार दिवसांत लावलेल्या लग्नाला सरकारने डोळे मिटून व्हिसा द्यायचा आणि मग पहारा नवऱ्यावर सोपवायचा, ही तपासणी नव्हे. अशाने नवरा जेलर होतो. चांगल्या मनाचा माणूसही पासपोर्ट लपवतो, बाहेर एकटी जाऊ देत नाही, भाषेच्या वर्गाला पाठवत नाही, कारण ती शहाणी झाली तर जाईल ही भीती त्याच्याही उरात बसलेली असते. तिला जाता येत असताना ती राहिली, तर त्या राहण्याचा त्या माणसालाही काही अर्थ लागेल.

हे अशक्य आहे असेही नाही. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने अत्याचारग्रस्त जोडीदाराला नवऱ्याला न सांगता स्वतः अर्ज करायची वाट दिली. युरोपातल्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी इस्तंबूल कराराच्या ५९ व्या कलमात अशा स्वतंत्र परवान्याची तरतूद आहे. देशांना ते कलम बाजूला ठेवून करार स्वीकारायची मुभा होती आणि काहींनी ती घेतली. जर्मनीने घेतलेली ती सवलत २०२३ मध्ये सोडून दिली. तरी या सगळ्या वाटा आधी मार खा, मग सिद्ध कर आणि मग अर्ज कर, अशाच आहेत. ज्या बाईला कोणी मारत नाही पण जिच्याशी वर्षानुवर्षे कोणी बोलतही नाही, तिला यांतली एकही वाट खुली नाही.

बायकांनी स्वतः काय केले तेही सांगायला हवे, नाहीतर सगळे श्रेय कायद्यांना जाईल. तैवानच्या मेनुंग गावात १९९५ मध्ये परदेशी सुनांसाठी चिनी लिहायवाचायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. अक्षरओळखीपासून निघालेल्या त्या बायका बोलू लागल्या, संघटित झाल्या, नाटक करू लागल्या, कायद्यातल्या बदलांसाठी रस्त्यावर उतरल्या. 'परदेशी वधू' हे नाव त्यांना नको होते. वीस वर्षे संसार करून, मुले वाढवून बाई वधू कशी राहते, आणि परदेशी किती काळ? आज तिथे 'नवे रहिवासी' म्हणतात. २०१९ पासून तैवानच्या प्राथमिक शाळांत व्हिएतनामी, इंडोनेशियन, थाई यांसह आग्नेय आशियातल्या सात भाषा मुलांना निवडता येतात. आईची भाषा घरात बोलायला ज्या मुलांना मनाई होती, त्यांना ती आता शाळेच्या वेळापत्रकात दिसते. कोरियाच्या संसदेत २०१२ मध्ये फिलिपिन्सहून लग्न होऊन आलेल्या जॅस्मिन ली निवडल्या गेल्या, तैवानच्या संसदेत २०१६ मध्ये कंबोडियात जन्मलेल्या लिन ली-चान.

ज्या परत गेल्या त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मेकाँगच्या खोऱ्यात आज अशी घरे आहेत जिथे कोरियाहून परतलेल्या आया मुले आजीआजोबांकडे ठेवून पुन्हा शहरात कामाला गेल्या आहेत. काहींचा घटस्फोट व्हिएतनाममध्ये झालेला आहे पण कोरियात नोंदलेला नाही, काहींचा उलट. मुलांचा जन्म कोरियातला, पासपोर्ट कोरियन, बोलणे व्हिएतनामी. शाळेत नाव घालायचे तर कागद अडतात. आजीच्या अंगणात खेळणारे ते मूल त्या देशाच्या दप्तरी परदेशी आहे, आणि तिथे राहण्यासाठी त्याच्या पासपोर्टवर मुदतीचा शिक्का लागतो.